डॉ. एडवर्ड्स डेमिंग : गुणवत्ता तपासायची नाही, घडवायची



बारावीचा निकाल लागला की पालकांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. इंजिनिअरिंगला घालू, फार्मसीला घालू की साधं बी.एस्सी. करू दे? या बोलण्यात हल्ली आणखी एक नाव हमखास येतं, ते म्हणजे गुणवत्ता नियंत्रण, म्हणजेच क्वालिटी कंट्रोल. एमआयडीसीत क्यूसीला लागलेला एखादा मुलगा प्रत्येकाच्या ओळखीत असतो. पण तो तिथे नेमकं करतो काय, असं विचारलं तर माल तपासतो आणि शिक्का मारतो, एवढंच उत्तर मिळतं.

हा विषय शिक्का मारण्याचा नाही, हे ज्यांनी जगाला पटवून दिलं त्या माणसाचं चरित्र आज आपण पाहू. पालकांना या शाखेची ओळख होईल. आणि आपण शिक्षकांनी तर ते वाचायलाच हवं, कारण आयुष्याच्या शेवटी या माणसाने कारखान्याकडून शाळेकडे नजर वळवली होती.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : विल्यम एडवर्ड्स डेमिंग
जन्म : १४ ऑक्टोबर १९००, सू सिटी, आयोवा राज्य, अमेरिका
शिक्षण : विद्युत अभियांत्रिकी पदवी (१९२१), गणित व भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी (१९२५), येल विद्यापीठातून डॉक्टरेट (१९२८)
कार्य : संख्याशास्त्रज्ञ, प्राध्यापक, उद्योगांचे सल्लागार
मृत्यू : २० डिसेंबर १९९३, वॉशिंग्टन

बालपण

डेमिंग यांचं घर गरीबच म्हणायला हवं. एडवर्ड लहान असतानाच आई-वडील पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यात गेले आणि पॉवेल नावाच्या नव्याने वसणाऱ्या गावात राहिले. तिथे त्यांना जमीन मिळाली होती, पण ती काही सोनं पिकवणारी नव्हती. सुरुवातीचं घर म्हणजे डांबरी कागद ठोकलेली झोपडी. तिकडची थंडी बर्फाची. वडील मिळतील ती कामं करत आणि आई संगीताचे धडे देई.

छोटा एडवर्डही घराला हातभार लावायचा. गावातल्या हॉटेलात लाकूड-कोळसा वाहून न्यायचा आणि संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावायचा. काहीही वाया घालवायचं नाही ही सवय इथेच लागली आणि ती जन्मभर टिकली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ते घरच्या अंड्यांवर पेनने तारीख लिहून ठेवत, म्हणजे आधी आणलेलं अंडं आधी वापरलं जाईल. आपल्या आज्या धान्याच्या कणगीत जुनं वर आणि नवं खाली ठेवायच्या, तसलाच हा प्रकार!

आईकडून संगीत मिळालं, तेही सुटलं नाही. मोठेपणी त्यांनी चर्चमध्ये गाण्यासाठी संगीतरचना केल्या.

विद्यापीठातले दिवस

१९१७ मध्ये एडवर्ड वायोमिंग विद्यापीठात दाखल झाला. पडेल ते काम करून त्याने शिक्षणाचा खर्च भागवला आणि १९२१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. तिथून तो गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळला. कोलोरॅडो विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी आणि मग येलमधून डॉक्टरेट, असा अकरा वर्षांचा हा प्रवास झाला.

इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळात गुणवत्ता नियंत्रण नावाची पदवी कुठेही मिळत नव्हती. डेमिंग या विषयात आले ते गणित, भौतिकशास्त्र आणि यंत्रांची जाण एवढ्या शिदोरीवर. पाया पक्का होता म्हणून पुढे नवा विषय उभा करता आला.

टेलिफोनचा कारखाना

शिकत असतानाच १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळी सुट्टीत डेमिंग यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनची उपकरणं बनवायचा. चाळीस हजारांच्या आसपास कामगार, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती एका कुंपणात! माल बनवणारे वेगळे, तपासणारे वेगळे. आधी बनवायचं, मग तपासायचं, खराब निघालं की बाजूला काढायचं.

याच कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या साहेबांना एक पानभर टिपण पाठवलं. त्यात एक छोटा आलेख होता. आज जगभरच्या कारखान्यांत लावला जाणारा नियंत्रण आलेख म्हणजेच कंट्रोल चार्ट तो हाच. डेमिंग यांची शूहार्टांशी गाठ मात्र पुढे पडली, ते कृषी खात्यात नोकरीला लागल्यावर.

नियंत्रण आलेख म्हणजे काय?

सोप्या उदाहरणाने पाहू. समजा, सकाळची सातची एसटी आपल्या फाट्यावर येते. एक दिवस ७ वाजून ५ मिनिटांनी, एक दिवस ७ वाजून १२ मिनिटांनी, एक दिवस ७ वाजून ८ मिनिटांनी. हा फरक रोजचाच. रस्ता, गर्दी, वाटेतले थांबे अशी पन्नास बारीक कारणं त्यामागे असतात. यातलं एक कारण पकडून ड्रायव्हरला जाब विचारण्यात अर्थ नाही. वेळ सुधारायची असेल तर रस्ता, थांबे, वेळापत्रक असं सगळंच बघावं लागेल. पण एखाद्या दिवशी गाडी साडेआठला आली, तर काहीतरी वेगळं घडलंय. टायर पंक्चर झाला असेल, झाड पडलं असेल. ते कारण त्याच दिवशी शोधायला हवं.

पहिल्या प्रकाराला सामान्य कारणं म्हणतात आणि दुसऱ्याला विशेष कारणं. आलेखावर मधोमध सरासरीची रेघ असते, वर आणि खाली एकेक मर्यादेची रेघ. या रेघा मनाने ओढत नाहीत, आधीच्या मोजमापांवरून गणिताने काढतात. मोजमाप रेघांच्या आत हेलकावत असेल तर ते व्यवस्थेचं नेहमीचं वागणं. एखादा ठिपका बाहेर गेला तर विशेष कारण शोधा. नेहमीच्या हेलकाव्याला माणसाची चूक समजून धावपळ केली, तर काम सुधारण्याऐवजी बिघडतं. हा एक भेद नीट कळला की या शास्त्राचा गाभा कळला.

अभ्यास, जनगणना आणि युद्ध

१९२७ पासून डेमिंग अमेरिकेच्या कृषी खात्यात होते. शिकणं थांबलं नव्हतं. १९३६ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथे संख्याशास्त्राचा आणखी अभ्यास केला. १९३८ मध्ये त्यांनी शूहार्टांची व्याख्यानं वॉशिंग्टनला ठेवली आणि त्यांचं पुस्तक स्वतः संपादित केलं. दुसऱ्याचा विचार आपल्याला पटला तर तो लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी घाम गाळायचा, हा खरा शिक्षकाचा स्वभाव. घरीही अभ्यासाची सोबत होती. त्यांच्या पत्नी लोला स्वतः गणित जाणणाऱ्या होत्या.

१९३९ मध्ये डेमिंग जनगणना विभागात आले. १९४० च्या अमेरिकन जनगणनेत पहिल्यांदाच काही जादा प्रश्न सगळ्यांना न विचारता फक्त ५ टक्के लोकांना विचारले गेले. भाताचं शीत दाबून भात शिजला की नाही हे आपण पाहतोच, पण शीत कुठून आणि कसं उचलायचं याचंही शास्त्र असतं. ते या जनगणनेत वापरण्यात डेमिंग यांचा मोठा वाटा होता.

मग दुसरं महायुद्ध आलं. शस्त्रं आणि सामान बिनचूक हवं होतं. १९४२ पासून हजारो अभियंत्यांना आणि तपासनिसांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण शिकवण्यात आलं. त्या शिक्षणवर्गांमागे डेमिंग होते. आलेख कारखान्या-कारखान्यांत लागले. पण युद्ध संपलं आणि ते उतरलेही. बाजारात मालाला एवढी मागणी होती की बनेल ते विकलं जात होतं, मग गुणवत्तेची काळजी कोण करणार? डेमिंग यांना यातून एक धडा मिळाला. खालच्या माणसांना कितीही शिकवा, वरच्यांना पटलं नसेल तर सगळं विरून जातं.

जपानने ऐकलं

१९४६ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते सल्लागार झाले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवू लागले. १९४७ मध्ये जनगणनेच्या तयारीला मदत करायला ते जपानला गेले. देश बेचिराख झाला होता. कारखाने पडलेले, अन्नाचा तुटवडा. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी जगभर ख्याती होती.

१९५० च्या उन्हाळ्यात जपानच्या शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. डेमिंग यांनी अभियंत्यांना तर शिकवलंच, पण मागचा धडा ते विसरले नव्हते. या वेळी त्यांना वरची माणसंही समोर हवी होती. जुलैमध्ये टोकियोत जपानच्या २१ बड्या उद्योगप्रमुखांची बैठक झाली. डेमिंग यांनी त्यांना सांगितलं की गुणवत्ता ही तुमची जबाबदारी आहे, कामगाराची नंतर. कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत सगळी साखळी एक समजा. गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका आणि पुढच्या मालात ते आणा. असं केलंत तर पाचेक वर्षांत जगाची बाजारपेठ तुमच्या मालाला दारं उघडेल.

तेव्हा हे धाडसाचं वाटलं असेल. पण जपानी माणसांनी मान खाली घालून काम केलं आणि काही वर्षांतच फरक दिसू लागला. व्याख्यानांच्या छापील प्रतींच्या विक्रीचं मानधन डेमिंग यांनी घेतलं नाही. त्या पैशातून १९५१ मध्ये डेमिंग पारितोषिक सुरू झालं. १९६० मध्ये जपानच्या सम्राटांच्या वतीने त्यांचा सन्मान करण्यात आला.

आपल्या देशातही याच काळात हा विषय रुजत होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले. डेमिंग यांचाही या संस्थेशी संबंध आला. पुढे संस्थेने उद्योगांना मार्गदर्शन करणारी गुणवत्ता नियंत्रण केंद्रं वेगवेगळ्या शहरांत उघडली. मुंबईचं केंद्र सुरुवातीच्या केंद्रांपैकीच एक.

ऐंशीच्या उंबरठ्यावर प्रसिद्धी

गंमत बघा. जपानात घराघरांत पोहोचलेलं हे नाव अमेरिकेत मात्र जेमतेम माहीत होतं. जून १९८० मध्ये एनबीसी वाहिनीने एक माहितीपट दाखवला. जपानला जमतं ते आपल्याला का जमत नाही, असा त्याचा विषय होता. त्यात डेमिंग दिसले. तेव्हा त्यांचं वय होतं ७९. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजू लागला, तो शेवटपर्यंत थांबला नाही.

फोर्ड मोटर कंपनीने त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं. फोर्डमधली एक गोष्ट आजही गुणवत्तेच्या वर्गात सांगतात. एकाच नकाशावरून गाडीचे गिअरबॉक्स अमेरिकेत फोर्ड बनवत होती आणि जपानमध्ये माझ्दा. दोन्हीकडचे सुटे भाग मापात बसत होते, म्हणजे तपासणीत दोन्ही पास. तरी ग्राहकांच्या तक्रारी अमेरिकन गिअरबॉक्सच्या जास्त. उघडून मोजल्यावर कळलं की माझ्दाचे भाग एकमेकांसारखे, अगदी ठरलेल्या मापाच्या जवळ होते. फोर्डचे भाग मापाच्या मर्यादेत होते खरे, पण एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. काठावर पास आणि खरोखर चांगलं यातला फरक इथे दिसतो. तो शेवटच्या तपासणीत दिसत नाही, बनवतानाच्या शिस्तीत दिसतो.

लाल मण्यांचा खेळ

डेमिंग चार-चार दिवसांची शिबिरं घेत. त्यातला लाल मण्यांचा खेळ फार गाजला. एका भांड्यात ४००० मणी असायचे, ३२०० पांढरे आणि ८०० लाल. ५० खळगे असलेली एक फळी भांड्यात बुडवून बाहेर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. श्रोत्यांतले सहा जण कामगार व्हायचे आणि डेमिंग स्वतः मुकादम.

एखाद्याच्या फळीवर ६ लाल मणी यायचे, मुकादम त्याची पाठ थोपटायचा. दुसऱ्याच्या फळीवर १४ यायचे, त्याला सगळ्यांसमोर झापायचा. दुसऱ्या दिवशी बक्षीस मिळालेल्याचे १२ व्हायचे आणि बोलणी खाल्लेल्याचे ९. मुकादम म्हणायचा, बघा, ओरडल्याचा उपयोग झाला! लोक पोट धरून हसायचे आणि हळूहळू गप्प व्हायचे. कारण कामगाराच्या हातात काहीच नव्हतं. भांड्यातच पाचवा हिस्सा लाल मणी होते. लाल मणी कमी हवे असतील तर भांडं बदलायला हवं, आणि भांडं साहेबाच्या ताब्यात असतं. कामातले सुमारे ९४ टक्के दोष व्यवस्थेचे असतात, असा डेमिंग यांचा अंदाज होता.

आणि मग शाळा

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी हाच विचार शिक्षणाला लावला. मुलांना गुणानुक्रमाने एकाखाली एक लावणं, लहानग्यांना चांगल्या कामाचे चमचमते तारे वाटणं याला त्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक मूल जन्मतः शिकायची ओढ घेऊन येतं, आणि क्रमांकाच्या शर्यतीत ती ओढ मरते. एक पहिला आला की बाकीचे सगळे हरलेले ठरतात, आणि हे हरलेपण वर्गाने स्वतःच तयार केलेलं असतं.

आपण सगळ्यांनी यावर बोलायला हवं. घटक चाचणीत ३४ आणि पुढच्या चाचणीत ३१ गुण पडले, की घरी लगेच चौकशी बसते. पण हा फरक विशेष कारणाचा आहे की एसटीच्या पाच मिनिटांसारखा नेहमीचा, हे कोण बघतं? तीन गुणांसाठी मुलाला रागावणारा पालक आणि लाल मण्यांसाठी झापणारा मुकादम यांच्यात फार अंतर नाही. उलट नेहमी तिशीत असणारं मूल अचानक १२ गुणांवर आलं, तर मात्र थांबायला हवं. डोळ्यांना दिसत नाही का, घरी काही घडलंय का, कुणी त्रास देतंय का? तिथे रागावणं नाही, शोधणं हवं. आणि सगळा वर्गच एखाद्या घटकात कमी पडत असेल तर बदलायचं भांडं आपलं, म्हणजे आपली शिकवण्याची पद्धत.

वार्षिक परीक्षा ही शेवटची तपासणी झाली. ती हवीच, पण तिच्यामुळे मूल घडत नाही. ते जून ते मार्चच्या रोजच्या तासांत घडतं.

ही शाखा शिकायची असेल तर

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वाटा अनेक आहेत.

१. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका. यंत्र किंवा उत्पादन शाखेच्या मुलांना व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज यांची सवय होते आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत तपासणी विभागात सुरुवात करता येते. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथे असे कारखाने भरपूर आहेत.

२. बारावी विज्ञाननंतर रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातून बी.एस्सी. किंवा बी.फार्म. औषध, अन्न, दूध, पाणी या क्षेत्रांच्या प्रयोगशाळांत या मुलांना काम असतं. औषधाची प्रत्येक खेप बाहेर पडण्याआधी तिची चाचणी करावीच लागते.

३. संख्याशास्त्रातून बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी, आणि पुढे गुणवत्ता विषयात एम.टेक. भारतीय सांख्यिकी संस्थेत गुणवत्ता, विश्वसनीयता व परिचालन संशोधन या विषयाचा दोन वर्षांचा एम.टेक. अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा कठीण असते, पण गणिताची आवड असलेल्या मुलाने जरूर प्रयत्न करावा.

दोन शब्दांतला फरकही समजून घ्या. गुणवत्ता नियंत्रण म्हणजे तयार होणारा माल मोजणं, तपासणं. गुणवत्ता हमी म्हणजे माल मुळात चांगलाच बनावा अशी कामाची पद्धत बसवणं, तिच्या नोंदी ठेवणं, ती पाळली जाते का हे पाहणं. बहुतेक जण पहिल्यापासून सुरुवात करतात आणि अनुभवाने दुसऱ्याकडे जातात. पुढे पुरवठादारांची तपासणी, लेखापरीक्षण, विभागप्रमुख अशी वाट असते.

कष्टाची बाजूही सांगायला हवी. सुरुवातीला शिफ्ट असतात, तासन्तास उभं राहावं लागतं, उत्पादन विभागाशी रोज खटके उडतात. माल आज जायलाच हवा, असा दबाव येतो आणि तेव्हा नाही म्हणण्याची हिंमत लागते. नुसतं पास-नापास करण्याचं काम आता कॅमेरे आणि यंत्रंही करू लागली आहेत. म्हणून आकडे वाचणारा, कारण शोधणारा आणि ते समोरच्याला न दुखावता समजावून सांगणारा मुलगा किंवा मुलगी इथे पुढे जाईल. पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्राची जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी पाया कितपत झालाय, हे बघा.

आणि या विद्येला आपल्या मातीतही फळं आली आहेत. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटन कंपनीने भारताला पहिलं डेमिंग पारितोषिक मिळवून दिलं. २००३ मध्ये महिंद्रा कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाने ते पटकावलं. आपल्या शेतात चालणाऱ्या त्या लाल ट्रॅक्टरमागे टोकियोतल्या त्या व्याख्यानांचा धागा आहे, हे मुलांना नक्की सांगा.

वर्गात करून पाहा

एकाच आकाराचे ४०० मणी घ्या, ३२० पांढरे आणि ८० लाल. पिशवीत घालून नीट हलवा. सहा मुलांनी न बघता प्रत्येकी २० मणी काढायचे, लाल किती ते फळ्यावर लिहायचं, मणी परत पिशवीत टाकायचे. अशा चार फेऱ्या करा. सरासरी ४ च्या आसपास येईल, पण कुणाला १ मिळेल, कुणाला ७. प्रत्येक फेरीनंतर मुलांनाच विचारा, हुशार कोण आणि आळशी कोण? चौथ्या फेरीपर्यंत उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं. पाचवी ते आठवीच्या मुलांना सरासरी आणि आलेख शिकवायलाही हा उपक्रम चांगला आहे.

डेमिंग वयाच्या ९३ व्या वर्षापर्यंत शिकवत राहिले. झोपडीत वाढलेल्या, रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या या मुलाने पुढे देशोदेशीच्या कारखान्यांत उजेड पाडला. आपला मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात जाणार असेल तर अवश्य जाऊ द्या. फक्त शिक्का हातात घेण्याआधी भांड्यात काय आहे ते बघायला शिकवा.

लेख आवडल्यास आपल्या शाळेच्या पालक सभेत जरूर वाचून दाखवा.